बांबूवरचं पिवळं फडकं

कर्वेनगरात वारा सुटला की सगळं हलायचं. समोरच्या सोसायटीतले अशोक हलायचे, केबलच्या तारा हलायच्या, कुंडीतल्या तुळशीच्या मंजिऱ्या हलायच्या. आणि इंद्रजीतच्या डोळ्याच्या कडेला, जिथं बघायला जावं तर काही नसावं, तिथं एक गोष्ट हलायची नाही. पिवळी. उभी लोंबणारी. वाऱ्याशी तिची ओळखच नसावी अशी.

तो मान वळवायचा. भिंत असायची, नाहीतर गॅसच्या दुकानातलं कॅलेंडर.

"आलं का?" शेफाली विचारायची. त्याची बायको, बँकेत नोकरीला, दोघांच्या संसाराचा बोलका भाग.

"कोण?"

"तेच. तुझं पिवळं. दाराशी उभं ठेवू नकोस, आत बोलव. चहा टाकलाच आहे."

तो हसायचा. ती चेष्टा करत होती म्हणून तर ते घरात मावत होतं. एकट्यानं सांभाळायचं म्हटलं असतं तर घर पुरलं नसतं.

चार वर्षांपूर्वीपर्यंत इंद्रजीत हेलिकॉप्टर चालवायचा. शहराच्या कडेच्या गावांमध्ये तेव्हा ज्वारीच्या रानात टॉवर उगवत होते, आणि ज्यांची राने गेली त्यांच्या लेकी आभाळातून सासरी जात होत्या. बैलगाडीतून सासरी गेलेल्या आया मांडवात उभ्या राहून मान वर करून बघायच्या. वरून त्या माना दिसायच्या नाहीत, नुसते पदर दिसायचे, डोक्यावर धरलेले, वाऱ्यानं फुगलेले. इंद्रजीतला ते आवडायचं. फुलांचा मळा आपल्याकडे बघतोय असं वाटायचं.

वाघोलीचं लग्न त्यातलंच एक. हिंमतरावांची थोरली लेक श्रद्धा, वैशाखातली दुपार. आदल्या दिवशी वैजनाथ जागा बघून आला होता. वैजनाथ कंपनीचा टेक्निशियन, अंबाजोगाईकडचा, यंत्राशी बैलाशी बोलावं तसं बोलणारा. उतरायच्या जागी वारा दाखवणारी केशरी पिशवी लावायची असते, ती फाटली होती आणि नवी यायची होती. म्हणून त्यानं दुकानातून पांढऱ्या मांजरपाटाचं लांब फडकं घेतलं आणि लग्नघरी देऊन आला. उंच बांबूला बांधा म्हणाला. जिकडं उडेल तिकडं वारा चाललाय, एवढं आम्हाला वरून कळलं की झालं.

दुसऱ्या दिवशी यंत्र वाघोलीवर आलं तेव्हा वैजनाथ इंद्रजीतच्या डाव्या हाताला बसलेला होता. खाली मांडव, खुर्च्या, टँकरनं भिजवलेलं रान, पलीकडे विजेच्या मोठ्या तारा. आणि बांबू. बांबूवर फडकं सरळ खाली लोंबत होतं. ते पिवळं होतं.

"सर," वैजनाथ कानातल्या यंत्रातून म्हणाला, "आपल्या फडक्याला पण हळद लागली. आता त्याचं बी लगीन."

इंद्रजीत हसला. फडकं निवांत आहे म्हणजे वारा नाही. वारा नाही म्हणजे कुठूनही उतरता येईल. तारा पूर्वेला होत्या, म्हणून तो पश्चिमेकडून खाली आला.

वारा होता. पश्चिमेचाच होता आणि चांगला होता. पाठीला हात लावून कुणी ढकलावं तसा तो यंत्राला पुढं रेटत होता. यंत्राला उतरताना तोंडावर वारा लागतो. पाठीमागून आला तर त्याचे पाय सुटतात. उन्हानं हवा पातळ झालेली. वेग मरत आला तसं यंत्र आपल्याच पंख्यानं खाली लोटलेल्या हवेत बुडायला लागलं. इंद्रजीतनं जोर दिला. जितका जोर दिला तितकं ते जास्त बुडालं, दलदलीत पाय मारावेत तसं. मग जमीन आली. यंत्र उतरलं नाही, जमीनच वर आली. यंत्र ज्यावर टेकतं ती डावीकडची पट्टी मोडली, ते त्या अंगावर कललं आणि फिरतं पातं मातीत घुसलं.

मांडवातल्या कुणाला खरचटलंही नाही. इंद्रजीतच्या कंबरेचा मणका गेला. वैजनाथ गेला.

चौकशीला माणसं आली ती आठवड्यानं. तोवर यंत्राभोवती पोलीस बसून होते आणि बांबूकडे कुणी फिरकलं नव्हतं. हॉस्पिटलच्या कॉटशेजारी खुर्ची ओढून अधिकाऱ्यानं त्याला फोटो दाखवले. बांबू. त्यावर फडकं, झेंड्यासारखं ताठ उडणारं. पांढरं.

"तुम्ही म्हणता पिवळं होतं. आणि लोंबत होतं."

"होतं."

"कंपनी म्हणते पांढरं दिलं. हिंमतराव म्हणतात, कंपनीनं दिलं तेच लावलं. त्या दुपारी पश्चिमेचा वारा होता, विमानतळावर नोंद आहे. मांडवाची झालर व्हिडिओत फडफडताना दिसते आहे."

"वैजनाथनंही बघितलं. तो म्हणाला, फडक्याला हळद लागली."

अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्यानं फोटो पाकिटात घातले आणि हळू आवाजात म्हणाला, "कॅप्टन, एवढा मार बसला की माणसाचं डोकं रिकाम्या जागा भरून काढतं. मेलेल्या माणसाच्या तोंडी वाक्यंही घालतं. मी असं पुष्कळदा पाहिलंय."

अहवालात कारणं आली. वैमानिकानं वाऱ्याचा अंदाज चुकवला. इतर खुणा उपलब्ध असताना पाहिल्या नाहीत. इंद्रजीतला ते मान्य होतं. झालर त्यानं खरंच पाहिली नव्हती. एकदा बांबूवर नजर ठेवली की बाकीचं बघायचं नाही, अशी डोळ्यांना सवयच लागली होती. पण बांबूवर जे पाहिलं ते पाहिलं होतं की नव्हतं, एवढं एक त्याला कुणी सांगत नव्हतं. डोळे खोटे असतील तर ते वाक्यही खोटं. वैजनाथ काहीच न बोलता गेला, आणि आपण त्याच्या तोंडी थट्टा घातली.

आता तो खराडीतल्या एका कंपनीत होता. उडण्याचे खेळ आणि शिकाऊ वैमानिकांसाठी पडद्यावरची हेलिकॉप्टरं तिथं बनायची, आणि ती खऱ्यासारखी डुलतात का ते इंद्रजीतनं सांगायचं. कम्प्युटरला वारा सांगता येतो: इतका, या दिशेनं. पडद्यावरची केशरी पिशवी ताबडतोब ऐकते. तिथली पोरं म्हणायची, "सर, परफेक्ट ना?" तो मान हलवायचा. डाव्या कानात कुणीतरी श्वास घेतल्यासारखं व्हायचं, बोलण्याआधी माणूस घेतो तसा.

वाघोलीला जाऊन विचारावं, असं त्याला कितीदा वाटलं. खराडीपासून वाघोली काही लांब नव्हती. पण विचारलं आणि ते म्हणाले, पांढरंच होतं की हो, तर? विचारलं नाही तोवर वैजनाथचं वाक्य निम्मं तरी जिवंत होतं.

*

वैजनाथची बायको मुक्ताई दर वैशाखात घरी यायची. कर्वेनगरातच मुलींच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये ती पोळ्या लाटायची. हातात डबा असायचा, डब्यात पुरणाच्या पोळ्या. ती रडायची नाही, दोष द्यायची नाही. आली की फरशीवर बसायची, शेफालीनं कितीही ओढली तरी खुर्चीवर नाही.

या वर्षी तिनं डबा खाली ठेवला आणि पदर आवरत म्हणाली, "साहेब, साई मोठी झाली."

"कितवीत आता?"

"ते राहू द्या. ती विचारती, बाबा शेवटी काय म्हणले. लहान होती तवा मी सांगायची, तुझं नाव घेतलं. परवा म्हणली, आई, तू तिथं नव्हतीस." मुक्ताईनं त्याच्याकडे बघितलं. "तुम्ही होता."

शेफाली ओट्याशी कप विसळत होती, तिचा नळ बंद झाला.

"आठवत नाही मुक्ताई. खरंच काही आठवत नाही."

"खोटं बोलताना तुम्ही कंबर धरता."

इंद्रजीतनं हात काढला. "तिथं दुखतं."

"दुखतंय ते खरंय. बोलताय ते खोटंय." ती उठली. "वाईट बोलले असतील तरी चालंल. शिवी दिली असंल, देवाला दिली असंल, तुम्हाला दिली असंल. पोरीला काहीतरी बाबाचं पाहिजे, साहेब. मी करून दिलेलं नको."

ती गेल्यावर शेफालीनं डबा उचलून ओट्यावर ठेवला.

"सांगून टाक ना," शेफाली म्हणाली. "हळदीचं. गोड आहे ते."

"आणि ते मीच रचलेलं असेल तर? आईनं रचलेलं नको म्हणून पोर विचारते आहे, आणि मी माझं रचलेलं देऊ?"

शेफालीनं हात पुसले. या वेळी तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "मग जा वाघोलीला. ते पिवळं तिथून आलंय, त्याला तिथं विचार. इथं आपल्या दोघांना काही सांगत नाही ते."

*

रान नव्हतं. ज्या जागी यंत्र पडलं तिथं आता मोठी सोसायटी होती, फाटकावर कारंजं, कारंज्यात पाणी नाही. हिंमतरावांच्या घरच्यांना त्यातलेच फ्लॅट मिळालेले. वॉचमननं फोन लावला. हिंमतराव बाहेर गेले होते, धाकट्या लेकीच्या लग्नाच्या गडबडीत. वर त्यांची वहिनी होती, मथुराबाई.

इंद्रजीत लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर गेला. दार उघडंच होतं. दाराला आंब्याची डहाळी, उंबऱ्यावर ओलं कुंकू. आतून एका बाईचा आवाज येत होता, जात्यावर बसल्यासारखा संथ, जातं नसतानाही:

हळदीच्या पाण्यामधी शेला केला गं पिवळा
लेकीच्या वाटंवर नको पांढऱ्याचा डोळा.

तो उंबऱ्यातच थांबला. कंबरेत कळ आली, त्यानं चौकट धरली.

"कोण पाहिजे?" मथुराबाई हात पुसत बाहेर आल्या. हात कोपरापर्यंत पिवळे होते.

"मी इंद्रजीत. श्रद्धाच्या लग्नात ते हेलिकॉप्टर... मी चालवत होतो."

त्या बघत राहिल्या. मग पाट नाही म्हणून सोफ्यावरची लग्नाची बोचकी बाजूला सारली. "बसा. बसा लेकरा. पाणी आणते." पाणी आणलं, समोर जमिनीवर बसल्या. "लई वाईट झालं. ते दुसरं पोर आदल्या दिशी आलं व्हतं. मला मावशी म्हणलं. माझ्या हातची भाकर खाऊन गेलं."

"वैजनाथ."

"नाव नव्हतं ठावं. अजून जेवताना ध्यानात येतं."

इंद्रजीतनं पेला खाली ठेवला. सगळ्या वाटेभर त्यानं वाक्य जुळवत आणलं होतं, आणि आता विचारायची वेळ आली तर जीभ उचलेना. तेवढ्यात वारा सुटला. पश्चिमेच्या गॅलरीतून आला आणि पडदे घेऊन घरात शिरला. त्याची मान आपोआप वळली.

गॅलरीत दोरी होती. दोरीवर टॉवेल उडत होते, पोरांच्या चड्ड्या उडत होत्या, शेजारच्या गॅलरीतला नाइटगाऊन तर हात पसरून निघालाच होता. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध मांजरपाटाचं एक लांब फडकं सरळ खाली लोंबत होतं. पिवळंजर्द. त्याच्या टोकाशी थेंब जमत होता, मोठा होत होता, खालच्या बादलीत पडत होता.

इंद्रजीतनं डोळे मिटले. उघडले. ते तिथंच होतं. पहिल्यांदाच, मान वळवल्यावरही ते तिथंच होतं.

"ते काय आहे?"

"ते व्हय? मांडवाच्या खांबाला बांधायचं. सुपारी, हळकुंड बांधायला फडकं लागतं ना पिवळं. आत्ताच काढलं हळदीच्या पाण्यातून."

"श्रद्धाच्या लग्नात..." तो थांबला, पुन्हा सुरू झाला. "वैजनाथनं दिलेलं फडकं. बांबूवरचं. ते तुम्ही..."

"म्याच," मथुराबाई म्हणाल्या, त्यात विचारण्यासारखं काय आहे अशा सुरात. "आदल्या दिशी पांढरंच चढवलं व्हतं पोरांनी. लगनाच्या सकाळी बघते तर काय, मांडवाच्या तोंडाशी कोरं पांढरं कापाड, येवढं उंच. अहो, अंतरपाटाला बी कुंकवाचं स्वस्तिक काढत्यात. कोरं पांढरं कुठं लावत्यात ते ठावं हाय ना तुमाला? लेक निघायची, आन् तिच्या डोक्यावर ते? नव्या कापडाला हळदीचं बोट तर लावावं. पन येवढ्या मोठ्या फडक्याला बोटानं काय व्हतंय. म्हणलं उतरवा. उष्ट्या हळदीचं पाणी व्हतंच घंगाळात, त्यात बुडवून काढलं. तुमचा आवाज यायच्या जरा आधीच चढवलं परत. घाई घाई."

"नंतर फोटोत पांढरं होतं."

"उनात हळद टिकती व्हय? वैशाखाचं ऊन. चार दिसात उतरली. मागनं ते फडकं म्या नदीला सोडलं."

"तुम्हाला कुणी विचारलं नाही? चौकशीत?"

"बायांला कोण विचारतंय." त्या हसल्या. "भाऊजींना विचारलं. त्यांनी सांगितलं, कंपनीचंच कापाड लावलं. खोटं न्हाई सांगितलं. कंपनीचंच व्हतं ते."

वारा पुन्हा आला. टॉवेल दोरीशी भांडले. पिवळं हललं नाही.

त्याला हलकं वाटायला हवं होतं. डोळे खरे होते. वाक्य खरं होतं. चार वर्षं जे भूत म्हणून वागवलं ते एक ओलं फडकं होतं, आणि त्याला पाणी घालणारी बाई समोर बसली होती, आशीर्वादाचे हात घेऊन. तिनं एका लेकीच्या डोक्यावरून मरणाची सावली काढली होती. काढलेली सावली कुठं गेली, ते तिला माहीत नव्हतं.

"का हो?" मथुराबाई म्हणाल्या. "कापडाचं का इचारता?"

"वैजनाथनं वरून बघितलं होतं," इंद्रजीत म्हणाला. "पिवळं केलेलं. त्याला फार आवडलं. त्याच्या घरी सांगायचं होतं, म्हणून खात्री करून घेतली."

"आवडलं म्हणला?" त्यांचे डोळे भरून आले. "गुणी पोर."

त्या त्याच्या नजरेच्या वाटेनं गॅलरीकडे बघायला लागल्या. तो का बघतोय ते बघायला लागल्या. इंद्रजीत पटकन उठला, वाकून पाया पडला, कळ सोसून, आणि निघाला.

खाली पार्किंगमध्ये आल्यावर त्यानं न राहवून वर पाहिलं. मथुराबाई गॅलरीत उभ्या होत्या. उडणाऱ्या टॉवेलला त्यांनी एका हातानं धरलं होतं आणि दुसरा पिवळा हात फडक्याखाली धरला होता, थेंब झेलायला धरावा तसा. मग टॉवेल सोडला. तो उडाला. फडक्याचं टोक सोडलं. ते तिथंच राहिलं. त्यांनी पुन्हा टॉवेल धरला, पुन्हा सोडला.

त्या खाली बघतील म्हणून तो गाडीआड झाला. त्या खाली बघत नव्हत्या. जिथं आता कोरडं कारंजं होतं तिकडे बघत होत्या.

*

मेसमध्ये दुपारची पंगत उठून गेली होती. मुक्ताई परातीवर ओलं फडकं टाकून भिंतीला टेकली होती. कपाळावर पीठ होतं. इंद्रजीतला बघून ती उठली नाही. त्याच्या चेहऱ्यावर काय आहे ते आधी बघितलं.

तो तिच्यासमोर फरशीवर बसला. बसायला वेळ लागला.

"तो म्हणाला, सर, आपल्या फडक्याला पण हळद लागली. आता त्याचं बी लगीन."

मुक्ताईचं तोंड उघडं राहिलं. मग आतून कुठून तरी हसू आलं, दबत दबत, पदराखाली. हसता हसता तिचे खांदे हलायला लागले आणि मग ते हसू राहिलं नाही.

"त्यांचंच हाय," ती म्हणाली. "असंच बोलायचे. म्हशीला बी वहिनी म्हणायचे." बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले, पीठ सगळ्या गालाला लागलं. "आन् तुम्ही काय म्हणलात?"

"मी हसलो."

"दोघं बी हसत होता."

"हो."

"मग बरंय." तिनं ते दोनदा म्हटलं, साईला कसं सांगायचं ते तोंडात घोळवून बघत असल्यासारखं. मग तिचा हात परातीवरच्या ओल्या फडक्यावर थांबला. बोटांनी तिनं त्याची कड उचलली. जड कड. सोडली.

"हळदीत बुडवलेलं," ती हळू म्हणाली. "म्हणजे ओलं असणार."

इंद्रजीतनं मान हलवली, आणि लेकीच्या डोक्यावर कोरं पांढरं नको म्हणून वाघोलीच्या मथुराबाईंनी ते कसं बुडवून चढवलं, ते तिला सांगितलं.

"त्या बाईला सांगितलं तुम्ही?"

"नाही."

"नका सांगू. लेकीसाठी केलं तिनं. मीबी केलं असतं." मुक्ताईनं परात ओढून घेतली, पदर खोचला. "तिच्या मागं नका लावू ते."

"नाही लावणार," तो म्हणाला. त्यानं कंबर धरलेली होती, पण मुक्ताई कणकेकडे बघत होती.

बाहेर पडला तेव्हा हॉस्टेलच्या गच्चीवर मुलींचे कपडे वाळत होते. वारा होता. ओढण्या, टॉप, चादरी, सगळं एका अंगानं उडत होतं. त्यानं सवयीनं डोळ्याच्या कडेला बघितलं. तिथं काही नव्हतं. एवढ्या वर्षांनी ती जागा मोकळी होती, घरातलं कपाट हलवल्यावर भिंत दिसावी तशी.

तो रस्त्याच्या कडेला उभाच राहिला. घरी जाऊन शेफालीला सांगायचं होतं, पाहुणं गेलं म्हणून. ती विचारणार होती, कुठं गेलं. आणि त्याला माहीत होतं. वाघोलीला, तिसऱ्या मजल्यावर, लग्नघरात, सगळं उडत असताना एका बाईच्या डोळ्यापुढं ते सरळ खाली लोंबत होतं.